ठमाताईच्या खोलीतला थर्मोस्टॅट

चौलला डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. अशा गावात एका माणसाने घर तापवायचा बॉयलर आणला, तर लोकांनी हसायचं नाही तर काय करायचं? मीही हसलो. नाक्यावर माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गावातलं प्रत्येक नवं खूळ आधी माझ्या काउंटरवर येतं आणि मग घराघरांत जातं, त्यामुळे मला हसायची सवयच आहे. पण त्या दिवशी दुकानात दयाराम उभा होता आणि तो हसला नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दयाराम हा आमच्याकडचा वायरमन. साठीला आलेला, काटकुळा, बोलायला कमी आणि कामात इतका सावकाश की गिऱ्हाईक रडकुंडीला येतं. त्याला "जरा आवर" म्हटलं की तो हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसतो. माझी आणि त्याची यावरून किती भांडणं झाली असतील! पण चौल ते रेवदंडा निम्म्या घरांचं वायरिंग त्याच्या हातचं आहे, आणि त्याने भरलेला बोर्ड उघडला की तारा केस विंचरून बसवल्यासारख्या दिसतात.

तो मूळचा वडखळच्या पुढच्या एका मिठागरवाल्या गावचा. बाप, आजा, सगळे मिठात. खाडीचा बांध फुटून त्यांची मिठागरं गेली तेव्हा हा विशीत होता. इकडे आला, एका वायरमनच्या हाताखाली शिकला आणि इथलाच झाला. मिठागर सुटलं पण मीठ काही सुटलं नाही. दुकानातलं पुडीचं मीठ तो खात नाही. अजूनही चुलतभावाकडून खडे मिठाची गोणी आणतो आणि जेवायला बसला की आधी एक खडा जिभेवर ठेवतो. बायको सोनाबाई म्हणते, याला उद्या स्वर्गात नेला तरी हा आधी तिथलं मीठ चाखून बघेल.

आता जरा अर्थिंगचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घराच्या मागे खड्डा खणतात, त्यात लोखंडी पाइप उभा करतात, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. मिठाने जमीन ओलसर राहते. घरात कुठे करंट गळला तर तो अर्थच्या तारेतून त्या पाइपात आणि तिथून मुकाट जमिनीत जातो, माणसाच्या अंगातून जात नाही. मीठ एकदाच घालायचं, पुढे उन्हाळ्यात नुसतं पाणी. दयारामने मात्र यात स्वतःची भर घातली होती. त्याचं म्हणणं, मीठ पावसात वाहून जातं, म्हणून ते घालतच राहावं. मिठागरात वाढलेल्या माणसाला मीठ कमी पडायची भीती असते. ते जास्त होऊन काही बिघडेल, हे त्याच्या डोक्यात येतच नाही.

ठमाताई दयारामच्या गावची. सख्खी बहीण नव्हे, पण लहानपणी दोघांनी एकाच कोंडीतलं, म्हणजे मिठागराच्या एकाच वाफ्यातलं, मीठ ओढलेलं. तिचा एकुलता एक भाऊ लवकर गेला, तेव्हापासून भाऊबीजेला दयारामच जायचा. तिचा नवरा दिनानाथ बोटीवर फिटर होते. इंजिनरूममधले बॉयलर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. मध्ये बारा वर्षं स्कॉटलंडच्या एका बंदरात गोदीत नोकरी होती, तेव्हा ठमाताईलाही घेऊन गेले होते. परत आल्यावर त्यांनी चौलला सुपारीच्या वाडीत घर बांधलं आणि त्याचं वायरिंग दयारामने केलं. बहिणीचं घर म्हणून जीव ओतून केलं. अर्थिंगच्या खड्ड्यात दुप्पट मीठ घातलं.

आणि पुढे दर भाऊबीजेला साडीबरोबर अर्धी गोणी खडे मीठ. सांगून ठेवलं होतं, ताई, दर शनिवारी एक ओंजळ मीठ आणि एक कळशी पाणी, चुकवू नकोस. ती चुकवते कसली! तुळशीला पाणी घातलं की तशीच मागच्या दारी जायची. दिनानाथ चेष्टा करायचे, की आमच्या घरात दोन तुळशी आहेत, एक हिरवी आणि एक लोखंडाची.

सहा वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी ठमाताई न्हाणीघरात गेली ती बाहेर आलीच नाही. दिनानाथ वाडीत होते. परत आले तेव्हा ती फरशीवर पडलेली, अंग गार. लाइट तेवढ्यात गेलेले होते, त्यामुळे विजेचा कुणाला संशयही आला नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी लागते. माहेरचं म्हणून कोण उरलं होतं? दयारामच साडी घेऊन गेला. बायका साडी नेसवत होत्या, तेव्हा तिचा उजवा हात बाजूला पडला आणि दोन बोटांच्या टोकांवर करडे, खोलगट डाग दयारामला दिसले. तीस वर्षं तारांत हात घातलेला माणूस तो. असे डाग कशाचे असतात हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. गिझरमध्ये करंट उतरला होता आणि त्याला जायला जमीन मिळाली नव्हती. म्हणजे अर्थिंग गेलं होतं, त्याने केलेलं. तो तिथे काही बोलला नाही. मसणवटीत बोलला नाही, तेराव्याला बोलला नाही. त्याच दिवशी दिनानाथांनी गिझर उपटून भंगारवाल्याला देऊन टाकला.

मला हे सांगायला त्याला दोन वर्षं लागली. मी दुकान बंद करत होतो, तो कट्ट्यावर बसला होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "शेठ, लोखंडाला मीठच खातं. मना म्हाईत नव्हता का? मिठागराच्या फाटकाला दर दोन वर्साला नवीन कडी लागायची."

त्या मधल्या दोन वर्षांत आम्ही त्याची फार थट्टा केली होती. कारण ठमाताई गेल्यापासून हा माणूस आपण वायरिंग केलेल्या एकेका घरी न बोलावता जायचा आणि मागच्या दारचा खड्डा उकरायचा. आधी लोकांना वाटलं याला कुणी गुप्तधनाचं सांगितलंय. मग "अर्थिंगबुवा" नाव पडलं, आणि ते पाडणाऱ्यांत मी होतो. चार घरांत पाइप मुळापाशी कुरतडलेला निघाला. तिथे त्याने तांब्याचा रॉड ठोकला आणि मीठ घालायला कडक मनाई केली. पण दिनानाथांच्या घरी तो गेला नाही. त्यांचं घर दिसू नये म्हणून देवळामागून वळसा घालायचा.

खड्डा उघडला की त्याला ती दिसायची. हेही त्यानेच सांगितलं. कुणाच्याही वाडीत असो, कोळशाचा पहिला थर निघाला की पलीकडच्या काठावर ती उकिडवी बसलेली असायची. पदर खोचलेला, ओंजळीत मीठ. तोंड दिसायचं नाही, फक्त हात. आणि ती ते मीठ आत सोडणार एवढ्यात हा ओरडायचा. घरमालकीण घाबरून बाहेर यायची. मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, डॉक्टरकडे चल, नाहीतर भगताकडे चल, पण हे बंद कर. तो म्हणाला, एक घर राहिलंय शेठ, तोवर ती बसनारच. मला तेव्हा त्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

यंदा मार्गशीर्षात दिनानाथ दुकानात आले आणि त्यांनी बॉयलरचं सांगितलं. मुंबईहून गॅसचा बॉयलर मागवून बसवूनही झाला होता. तांब्याच्या नळ्या भिंतीतून फिरवून एकाच खोलीत रेडिएटर लावला होता, ठमाताईच्या. गरम पाणी त्यातून फिरलं की खोली उबदार राहते. राहिला होता तो थर्मोस्टॅट. भिंतीवर लावायची ही एक डबी असते. खोली ठरवल्यापेक्षा गार झाली की ती तारेतून बॉयलरला खबर देते आणि बॉयलर पेटतो. पुरेशी ऊब झाली की बंद होतो. म्हणाले, दयारामलाच पाठव, त्याच्या बहिणीचं काम आहे. दयाराम तिथेच उभा होता. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. समुद्राकडच्या भिंतीवर डबी बसवली, बॉयलरपर्यंत तारा नेल्या, खुणा बघून जोडल्या. आणि तो काम करत असताना दिनानाथ पलंगावर बसून बोलत राहिले.

स्कॉटलंडच्या घरी अशीच डबी होती. ठमाताईला तिथली थंडी सोसायची नाही. ती जाता-येता डबीची चकती दोन अंश वर करायची आणि हे दोन अंश खाली आणायचे. बारा वर्षं हेच भांडण. इथे परत आल्यावर ते गिझरवर आलं. त्या दिवशीही वाडीत निघताना हे बाहेरून ओरडले होते, की किती वेळ तो गिझर जाळतेस, बंद कर. आतून खटका पडल्याचा आवाज आला तेव्हाच पुढे गेले. दिनानाथ म्हणाले, "पौषातलं गार पाणी अंगावर घेतलं तिने, माझ्या शब्दासाठी. आणि काळीज थांबलं. मी मारली रे तिला."

एका वाक्याचं काम होतं. सहा वर्षं हा माणूस नको ते ओझं घेऊन बसला होता आणि ते उतरवायचं दयारामच्या जिभेवर होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे पुढचंही बोलावं लागणार. गार पाण्याने नाही तर कशाने? करंट कुणामुळे? दयारामने स्क्रू घट्ट केले, चकती एकवीसवर ठेवली आणि तो निघाला. मागच्या दारी खड्ड्याकडे गेलासुद्धा नाही. सगळ्या गावाचे खड्डे उकरणारा माणूस, तिथून पळाला. येऊन मला म्हणाला, उद्या जातो. त्या रात्री त्याला ताप भरला आणि आठ दिवस तो अंथरुणात होता.

त्या आठ दिवसांनी दिनानाथ परत दुकानात आले. चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं मुलीकडची काही गोड बातमी असेल. काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, ती येते. मी विचारलं, कोण? म्हणाले, रोज दिवेलागणीला बॉयलर आपोआप पेटतो. खोलीत सव्वीस अंश असतात, डबी एकवीसवर आहे, ती गप्पच असते. तरी पेटतो. तिचीच वेळ ती, देवापाशी दिवा लावायची.

मी काहीतरी फुसकं बोललो, तारेचा दोष असेल वगैरे. ते ऐकतच नव्हते. म्हणाले, "रेडिएटरवर हात ठेवला की बोटांना मुंग्या येतात. तिने हात धरल्यासारखं वाटतं."

मागे तारेचं भेंडोळं घेऊन दयाराम उभा होता, तापातून उठून त्याच दिवशी आलेला. त्याने एवढंच विचारलं, की तेव्हा पायात काय असतं. दिनानाथ म्हणाले, काय असणार, रबरी चपला, फरशी गार लागते. मग म्हणाले, शनिवारी अमिषा येतेय, नाताळची सुट्टी. अमिषा म्हणजे त्यांची मुलगी, पनवेलला असते. तिची नेत्रा चार वर्षांची. नेत्राने आजीला पाहिलंही नाही. तिला त्या खोलीत नेऊन रेडिएटरला हात लावायला सांगणार होते.

ते गेल्यावर दयाराम भेंडोळ्यासकट खाली बसला. नेत्रा घरात चपला घालून थोडीच फिरणार. चार वर्षांचं पोर, अनवाणी, आंघोळीचे ओले पाय, आणि आजोबा म्हणणार, लाव हात. गुरुवार होता. तो उठला आणि म्हणाला, तांब्याचा रॉड काढ आणि तूही चल, मना एकट्याला जमाचा न्हाय. मी दुकान लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला घाई केली नाही आणि तो घाईत होता.

दिनानाथांना आम्ही सांगितलं, अर्थिंग जुनं झालंय, नवीन करतो. ते बरं म्हणाले आणि ठमाताईच्या खोलीत जाऊन बसले. त्यांचं सगळं लक्ष संध्याकाळकडे होतं.

दयारामने आधी कारण शोधलं. होल्डरमध्ये बल्ब, त्याला दोन तारा. एक टोक रेडिएटरला लावलं, दुसरं मागे विहिरीजवळच्या ओल्या मातीत खोचलं. बल्ब पेटला नाही. मग वाडीला पाणी सोडायचा पंप चालू केला. बल्बात तांबडी तार उजळली. पंप बंद, बल्ब बंद. तो मला समजावत होता की स्वतःला, कोण जाणे. पंप जुना, आतून ओल धरलेला. चालू झाला की त्यातून करंट गळतो आणि अर्थच्या तारेत शिरतो. खाली पाइप शाबूत असता तर जमिनीत गेला असता. तो नाही, म्हणून घरातल्या प्रत्येक लोखंडा-तांब्यात उभा राहतो. थर्मोस्टॅटची डबी खाऱ्या ओलीच्या भिंतीवर. त्या ओलीतून तोच करंट शेजारच्या तारेत उतरतो आणि बॉयलरला वाटतं, खोलीने ऊब मागितली. आणि दिनानाथ पंप लावायचे रोज दिवेलागणीला, वाडी शिंपायला. ठमाताई यायची ती अशी.

मग खड्डा. दयारामने पहिला घाव घातला आणि पलीकडच्या काठाकडे बघितलं. मीही बघितलं. काही नव्हतं, सुपारीची वाळकी झावळी पडली होती. पण त्याची नजर तिथून हलेना. मी विचारलं, आहे का? तो म्हणाला, "हाय. पन आज हात रिकामे हायत." आणि खणायला लागला.

कोळशापेक्षा मीठच जास्त निघालं. थरावर थर, करडं, दगडासारखं घट्ट झालेलं. दहा वर्षांच्या शनिवारांचं मीठ ते. हातभर खाली गेल्यावर त्याने पाइपाला हात घातला आणि पाइप नुसता हातात आला. खाली काहीच नव्हतं, तांबड्या गंजाचा चुरा. त्याने तो तुकडा माझ्याकडे दिला.

तुकड्याच्या वरच्या टोकाला पिवळा पट्टा अजून दिसत होता. पाइपाला पिवळा पट्टा म्हणजे पातळ पत्र्याचा, हलका माल. अर्थिंगला जाड लागतो, निळ्या पट्ट्याचा. घर बांधलं तेव्हा निळा माझ्याकडे संपला होता, दयाराम दुसऱ्या कामावर अडकला होता, आणि मी दिनानाथांच्या गड्याबरोबर पिवळा पाठवून दिला. मातीत गाडायचा पाइप, कोण बघतंय? दयाराम येईपर्यंत गड्याने तो पुरून वर मीठ लोटलेलंही होतं. मिठाने जाड पाइपही खाल्लाच असता म्हणा, पण त्याला आणखी वर्षं लागली असती. किती, ते मला माहीत नाही. मी तो तुकडा कोळशाच्या ढिगात खाली घातला. अर्थिंगबुवा म्हणून ज्याच्यावर मी गावाला हसवलं, त्याच्यासमोर मी हे केलं.

तांब्याचा रॉड ठोकला, नवी तार जोडली, मीठ सगळं काढून टाकलं. थर्मोस्टॅटची डबी भिंतीपासून सुटी करून लाकडी फळीवर घेतली. पंपही बदलायला हवा, पण तो उद्या. होईस्तोवर ऊन उतरलं. दयारामने पंप चालू केला आणि बल्ब लावून बघितला. काळा ठिक्कर. बॉयलर गप्प. धोका टळला होता. नेत्राने आता त्या रेडिएटरला मिठी मारली तरी काही होणार नव्हतं.

मी हत्यारं गोळा करायला लागलो. म्हटलं, झालं काम, चल निघू. मी का घाई करत होतो ते वर सांगितलंच आहे. आणि खरंच, तिथून निघालो असतो तर जन्मात कुणाला काही कळलं नसतं. दयारामही उठला, हात झटकले. तेवढ्यात दिनानाथ मागच्या दारात आले. पंप चालू, वाडीत पाणी खळखळतंय, देवघरात त्यांनी दिवाही लावलेला होता. त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळली आणि म्हणाले, "आज आली नाही रे."

दयारामने माझ्याकडे बघितलं नाही. तो जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"दाजी, ती येत नव्हती. करंट येत व्हता. आन् त्या दिवशीपन तोच आला. ताईला हार्ट न्हाय झाला. गिझरचा करंट लागला. मी तिचा हात बघितला व्हता, साडीच्या येली. हे अर्थिंग गेला व्हता, माज्या मिठानी खाल्ला."

मी मान खाली घातली. मला वाटलं आता दिनानाथ त्याच्या अंगावर जातील. पण ते म्हणाले, "गिझर चालू होता?"

"चालू नसता तर करंट लागला नसता, दाजी."

"मी खटका ऐकला होता."

"तुमी गेल्यावर परत दाबला असंल तिनी."

"म्हणजे पाणी गरम होतं."

"गरम व्हता."

दिनानाथ पायरीवर बसले. "ऐकलं नाही तिने माझं," ते म्हणाले, आणि हसले. हसता हसता ते उघड रडले, म्हातारा माणूस रडतो तसे, तोंड न झाकता. दयारामही रडत होता. मला वाटलं संपलं सगळं, आता दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दिनानाथांनी चेहरा पुसला. दयारामकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "मिठाचं तुला ठाऊक नव्हतं. तू भाऊ म्हणून आणलंस, तिने बहीण म्हणून घातलं. त्याचं मी तुला काही म्हणणार नाही. पण हे तुला ठाऊक होतं, दयाराम. सहा वर्षं मला वाटत होतं, मी तिला गार पाण्याने मारली. गेल्या आठवड्यात तुझ्यासमोर बसून मी हे बोललो, आणि तू स्क्रू पिळत राहिलास."

ते आत गेले. दार लावलं नाही, पण या असंही म्हणाले नाहीत. आम्ही पंप बंद केला, खड्डा बुजवला, हत्यारं उचलली.

आम्ही वाडीतून रस्त्याकडे निघालो. मिठाचं माफ झालं आणि गप्प बसल्याचं झालं नाही, हे माझ्या कानात घुमत होतं. फाटकापाशी मला राहवेना. दयारामला म्हटलं, तो पाइप माझ्या दुकानातला होता, हलका होता, मी मुद्दाम दिला होता. तो थांबला. मला वाटलं त्याला धक्का बसेल.

"पिवळा पट्टा मनापन दिसतो, शेठ," तो म्हणाला. "माज्याजवल काय बोलतंस? त्यांना सांग."

आणि मला तिथेच सोडून तो चालू लागला. या वेळी देवळामागून वळसा न घालता, सरळ रस्त्याने.

मी फाटकात बराच वेळ उभा होतो. आत ठमाताईच्या खोलीत दिवा होता आणि दिनानाथ खिडकीशी बसलेले दिसत होते. मी आत गेलो नाही. शनिवारी अमिषा आली, नेत्रा आली, सुट्टी संपवून गेल्याही. दयाराम नवा पंप बसवून आला आणि आता त्याला कुठल्याही खड्ड्याशी कुणी दिसत नाही, असं सोनाबाई म्हणाली. मला मात्र दुकानाचं शटर ओढताना काउंटरपलीकडे कुणीतरी बाई उभी असल्यासारखं वाटतं. काही मागत नाही, नुसती उभी असते. हे सगळं मी लिहून काढलं ते दिनानाथांना नीट सांगता यावं म्हणून. उद्या जाणार आहे, असं मी गेले तीन आठवडे रोज म्हणतो.